अमळनेरच्या फलाटावर राहिलेलं भांडण

अक्का,

तुझे दिवस झाले, गंधमुक्ती झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीम निवडायला बसले. तुला राग येणार, माहीत आहे मला. तू असतीस तर कमरेवर हात ठेवून म्हणाली असतीस, "राख थंडी व्हयनी नही, नि मास्तरीन पोरी निवडाले बसनी!" पण काय करू? पुण्याची राज्य स्पर्धा कोणाच्या सुतकासाठी पुढे ढकलत नाहीत. नावं पाठवायची मुदत तोंडावर आली होती, हातातले पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते, आणि ज्या बाईशी मी याच गोष्टीवरून वर्षभर भांडत होते ती बाईच निघून गेली होती. भांडायला समोर कोणी नसलं की निर्णय सोपा होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

पेपरात दोन ओळी द्यायच्या म्हणून कोणीतरी मला तुझं वय, शिक्षण, मुलंबाळं विचारली. मी म्हटलं, नानांना विचारा. नवऱ्याला माहीत असतात त्या गोष्टी मला नीट ठाऊक नाहीत. मला ठाऊक आहे ती नरडाण्याच्या पुढच्या खेड्यातली, चाळिशीला टेकलेली, रग्बी खेळणारी बाई. स्क्रम लागला, म्हणजे दोन्हीकडच्या तिघी-तिघी खांद्याला खांदा भिडवून रेटायला उभ्या राहिल्या, की तुला बघून समोरच्या पोरींना आधी हसू यायचं. पहिल्या रेट्यानंतर यायचं नाही.

तू आमच्याकडे आलीस ती खेळायला नव्हे, राखणीला. तुझी भाची पूनम नरडाण्याहून खेळायला येते म्हणत होती आणि तिच्या बापाने अट घातली होती की सोबत घरची बाई पाहिजे. आमची टीम म्हणजे एका गावची नाहीच. पहूरच्या मुली एसटीने जळगावला यायच्या, तिथून आम्ही सगळ्या पॅसेंजरने अमळनेरला, आणि नरडाण्याकडच्या मुली दुसऱ्या बाजूने अमळनेरला. मधलं गाव म्हणून अमळनेर. तिथल्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत दर रविवारी आमचा सराव. वारा सुटला की कापसाचा तूस नाकातोंडात. तू दोन-तीन रविवार भिंतीला टेकून बसलीस, पदराने तूस झटकत. मग एके दिवशी उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस.

"मास्तरीन, मन्हं तिकीट तं दर टाइमले लागस. मंग फुकट बशीसन काय करू? माले बी खेळू दे."

मला हसू आलं, पण मुद्दा बिनतोड होता. मुली सांभाळायला एक बाई न्यावीच लागते. तिचं तिकीट काढावंच लागतं. मग ती बाई खेळणारीच असली तर एक खेळाडू फुकटात मिळते. मी पुण्यात शिकले, तिथे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, संघबांधणीवर पानंच्या पानं लिहिली, पण खेळाडू निवडायचं हे कारण मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तू साडी खोचून पळालीस. पुढच्या रविवारी पूनमच्या भावाची ट्रॅकपँट घालून आलीस. नाना स्टेशनवर सोडायला आले होते, ते म्हणे तोंड फिरवून मालगाडी बघत उभे राहिले.

तुला नियम पाठ व्हायला फार वेळ लागला, हे मी आज तू गेलीस म्हणून लपवणार नाही. चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हे तुला पटायचंच नाही. "पुढे जावानं शे नि चेंडू मांगे देवाना? हाई कोनी ठरावं?" असं तू रेफ्रीला विचारलंस, तेही भर सामन्यात. रेफ्री नाशिकचा होता, त्याला कळलं नाही, आणि तेच बरं झालं.

पण खरं नवल तुला सामन्याच्या वेळेचं वाटलं. आम्ही खेळतो ते सेव्हन्स. सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन डाव, की संपलं. पहिल्यांदा आपण पुण्याला गेलो तेव्हा तुला मी हे आधी सांगितलंच नव्हतं. अर्ध्या तिकिटाची एसटी, धुळ्याला बदलायची, नाशिकला बदलायची, अंग आंबून गेलेलं. एका शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपलो. सकाळी मैदानावर उतरलो, आणि तू घाम पुसायला लागलीस तोवर शिट्टी वाजली. तू मला म्हणालीस, "व्हई गया? लगीनमा अक्षता टाकाले बी यान्हापेक्षा जास्ती येळ लागस वं!" सगळ्या मुली हरलेल्या, रडवेल्या झालेल्या, आणि त्या एका वाक्यावर हसत सुटल्या. मीसुद्धा.

मी नंतर त्यावर पुष्कळ विचार केला. शहरातल्या मुली दुपारी सामना खेळून संध्याकाळी आपापल्या घरी चहाला जातात. आमच्या मुलींना त्याच चौदा मिनिटांसाठी मजुरी बुडवून, बापाच्या मागे लागून, सासर असेल तर सासूची समजूत काढून दोन-तीन दिवस घराबाहेर राहावं लागतं. आम्ही हरतो ते मैदानावर नाही, नाशिकच्या स्टँडवरच अर्ध्या हरलेल्या असतो. हे मी संघटनेच्या एका साहेबांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, जिद्द पाहिजे." तू बाजूला होतीस. तू मला म्हणालीस, तेही त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "यास्ले एकदाव नरडाणाथून एसटीमा उभं र्‍हाईसन लयाले पाहिजे." त्या दिवशी मला तुला मिठी मारावीशी वाटली होती. मारली नाही. तुझ्या हातात कळण्याच्या भाकरींचं गाठोडं होतं आणि मागून कोणीतरी ठेचा मागत होतं.

त्या भाकरी. बाहेर जेवणं परवडायचं नाही, म्हणून तू घरून बांधून आणायचीस. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाणे, कधी वांग्याचं भरीत डब्यात दाबून भरलेलं. प्रवासात दुसऱ्या दिवशी भाकरी कडक व्हायची, आणि तू म्हणायचीस, दात मजबूत ठेवा, समोरच्या टीमला चावायला कामी येतील. मी दरवेळी सांगायचे, अक्का, चावलं तर बाहेर काढतात. तू दरवेळी नवीन ऐकल्यासारखा चेहरा करायचीस.

आणि जर्सीची गंमत. ती आठवली की अजूनही मला राग येतो आणि हसूही येतं. मी दुकानात जाऊन पांढऱ्या जर्सी आणल्या होत्या, कारण पांढरंच स्वस्त होतं. धुळ्याला सामना होता. जाताना एसटीने गेलो, येताना पहूरच्या जागृतीच्या काकांची केळीची पिकअप माल उतरवून रिकामी परतणार होती, तेवढंच भाडं वाचेल म्हणून तिच्यात चढलो. गाडीत मालाखाली अंथरलेली केळीची पानं तशीच होती. तू म्हणालीस, लाकडाला टेकून पाठी खराब होतील, आणि सगळी पानं गोळा करून, देठं मोडून-मोडून, मुलींच्या पाठीमागे आणि खाली छान पसरलीस. हिरवीगार, गार. मुली खूश. तू नरडाण्याची, कापसाच्या मुलखातली, मी जळगाव शहरातली, मला केळं माहीत ते पिकलेलं, गाड्यावरचं. केळीच्या भागातली एकटी जागृती, ती पुढे काकांजवळ बसून झोपलेली. घरी जाऊन जर्सी धुतल्या आणि वाळल्यावर पाठीवर, कमरेवर तपकिरी डाग उमटले. केळीचा चीक! जागृतीने बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. हे आता जात नाही, कपडा फाटतो पण डाग राहतो."

पुढच्या स्पर्धेत आयोजकांनी हरकत घेतली तर काय, या धास्तीने मी अर्धमेली झाले होते. निम्म्या जर्सी डागाळलेल्या, निम्म्या पांढऱ्या, कारण निम्म्या मुली त्या दिवशी एसटीनेच परतल्या होत्या. टीमचे कपडे सारखे पाहिजेत. नव्या घ्यायला पैसे नव्हते. पुढच्या रविवारी तू सगळ्या चांगल्या जर्सी माझ्याकडून मागून घेतल्यास, धुवून आणते म्हणालीस. त्याच्या पुढच्या रविवारी परत आणल्यास तेव्हा मी बघतच राहिले. तू जागृतीकडून केळीचे देठ मागवून, एकेका जर्सीवर चीक चोळून, उन्हात वाळवून, सगळ्यांवर डाग पाडून आणले होतेस. "आते बठ्ठा सारखा. आते कोनी काय बोलाव नही." पुण्याच्या एका मुलीने मला विचारलं, तुमच्या जर्सीवरचं डिझाइन कुठे करून घेतलं? मी सांगितलं, धुळे रोडला.

अक्का, तू गंमतीची होतीस म्हणून मी हे लिहीत नाही. तुझं ते "बठ्ठ्या", म्हणजे सगळ्या, आपल्या दोघींमध्ये किती वाढत गेलं ते आठवायचं म्हणून लिहिते आहे.

प्रवासाचे पैसे उभे करायला म्हणून दिवाळीनंतर तू आम्हाला कापूस वेचायला नेलंस. तू वेचणीच्या बायांची मुकादम, तुझ्या शब्दावर शेतकरी टोळी बोलवायचे. आम्ही सगळ्या, शहरातल्या धरून, कमरेला ओटी बांधून सऱ्यांमध्ये उतरलो. वेचणीची रीत अशी की संध्याकाळी काट्यावर जिचं तिचं गाठोडं वेगळं तोलायचं, जेवढं वजन तेवढी मजुरी. जागृतीने दोघींचा कापूस एकटीने वेचला. मनीषाने, तुमच्याच शिवारातल्या त्या गोऱ्या, हळू मुलीने, निम्म्याहूनही कमी, आणि त्यातही पाचोळा. तू काट्यापाशी उभी राहिलीस आणि सगळी गाठोडी सोडून एकात रिकामी करायला लावलीस. एकच ढीग, एकच वजन. जागृतीचा उतरलेला चेहरा मी बघितला. मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, जिने जास्त केलं तिला तिचं श्रेय नको का? तू म्हणालीस, "श्रेय तिले चेंडू पळाडाना शे. पैसा पुन्याले जावाना शे."  मला ते पटलं नव्हतं, आणि मी ते मनात धरून ठेवलं.

मग नागपूरची स्पर्धा आली. नऊ-दहा जणींचं भागेल एवढेच पैसे जमले होते. मी म्हटलं, नऊ चांगल्या नेऊ. तू म्हणालीस, "बठ्ठ्या जातीन, नही ते कोनीच नही." मी डोक्याला हात लावला. नियमाने बारा जणींचीच नावं देता येतात, मला धरून आपण पंधरा आहोत, दोघींना तर जर्सीसुद्धा घालता येणार नाही, त्यांना नागपूरला नेऊन काय पोहे खाऊ घालायचे? तू ऐकलं नाहीस. पूनम आणि नरडाण्याकडच्या पाच जणी तुझ्याशिवाय घराबाहेर पडणार नव्हत्या, म्हणजे तू नाही तर नऊसुद्धा नाहीत. आम्ही गेलो नाही. कोणीच गेलं नाही.

तिथे राज्याच्या संघासाठी निवड करणारे लोक बसणार होते, अक्का. मी त्यांना जागृतीबद्दल आधीच सांगून ठेवलं होतं. ती पळते तशी मुलगी मी पुण्यातसुद्धा बघितली नाही. तिचं ते वर्ष गेलं. तिने तुला एका शब्दाने बोल लावला नाही, पण तिच्या आईने मला लावला, माझ्या घरी येऊन. मी अजूनही म्हणते, नागपूरला तुझं चुकलं. तू गेलीस म्हणून ते बरोबर होत नाही. मेलेल्या माणसाशी मतभेद ठेवू नयेत असं म्हणतात, पण तुझ्याशी मतभेद ठेवले नाहीत तर तुझी आठवण तरी खरी कशी राहील?

यंदा पुण्याचं निघालं आणि तेच पुन्हा. त्या रविवारी सराव संपवून आपण अमळनेरच्या फलाटावर उभ्या होतो. मुली पाणी भरायला गेल्या होत्या. मी तुला सांगितलं की या वेळी मी निवड करणार, नऊ नावं, आणि मनीषा त्यात नाही. मनीषाचं नाव मी मुद्दाम घेतलं, कारण मला माहीत होतं तू तिच्यासाठीच अडशील. चेंडू तिच्या हातात राहत नाही, पळायला ती मागे, पण एकही रविवार चुकवत नाही. तू म्हणालीस, तिच्या घरी पाहुणे बघून गेले आहेत. मी म्हटलं, मग? आपण लग्नं थांबवायला टीम काढली आहे का?

"मास्तरीन, तू पोरी निवडी राहिनी का भुईमूगन्या शेंगा?"

"अक्का, मी टीम निवडते आहे. रग्बीची. जिंकायला."

"मंग ली जाय तुन्या नऊ जनी. माले इचारू नको."

एवढ्यात तुझी गाडी लागली. तू चढलीस, खिडकीशी बसलीस, आणि माझ्याकडे न बघता भाकरींचं उरलेलं गाठोडं खिडकीतून पुढे केलंस. "धर. रस्तामा खाई ले." मी घेतलं. तुझ्या अंगात तेव्हा ताप होता का? हाताला हात लागला होता, पण मला काही कळलं नाही, दिवसभर उन्हात पळालेल्या बायांचे हात गरमच असतात. मी भांडणातच होते. माझी गाडी आल्यावर ती भाकरी मी रागारागाने सगळी खाल्ली.

नाना सांगत होते, "मी तिले सांगं, दवाखानामा चाल. ती म्हने, रविवारले प्रॅक्टिस शे, ती व्हई जाऊ दे." डेंग्यू निघाला. धुळ्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मी येईपर्यंत तुला घरी आणलेलं होतं. तुझे ते रेटा देणारे खांदे हिरव्या लुगड्याखाली इतके लहान दिसत होते की मला क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या घरी आले. पूनमने माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मी रडले नाही. मी आतून तुझ्यावर चिडले होते. खरंच चिडले होते, अक्का. भांडण अर्धं टाकून कोणी जातं का?

गंधमुक्तीला सगळा गाव होता. बायकांत बसले होते, तर मागून ऐकू आलं, "त्या खेळनामुळेच व्हयनं. पोटमा मार लागेल व्हता म्हने तिले." मी वळून सांगणार होते की डासाने झालं, चेंडूने नाही. पण तिथे कोण ऐकणार? त्यांना कारण पाहिजे होतं आणि ते मिळालं होतं. पुढच्या रविवारी नरडाण्याकडून एकटी पूनम आली. बाकीच्यांच्या घरून निरोप, अक्का नाही, आता बघू. म्हणजे बघायचं नाही.

तेव्हा मला कळायला लागलं की आमच्या टीमचा सगळ्यात मोठा खर्च कोण भरत होतं. तिकिटाचे पैसे कुठून ना कुठून उभे राहायचे. पण मुलीला घराबाहेर काढायला बापाच्या समोर बसून जो शब्द द्यावा लागतो तो तू देत होतीस, घरोघरी, चहा पीत, आणि आम्हाला त्याची किंमत कळू देत नव्हतीस. पहूरच्या मुलींची गोष्ट निराळी, जागृतीची आई स्वतः तिला स्टँडवर आणून सोडते. पण तुझ्या भागात मुलगी टीमला दिलेली नव्हती, तुला दिलेली होती.

तर मी नावं निवडली. नऊ. मनीषा त्यात नाही. तुझ्यावर राग होता म्हणून नव्हे, मला खरंच वाटतं ती टीम सामना जिंकेल, आणि जागृतीचं आणखी एक वर्ष मला जाऊ द्यायचं नाही. मग मी नरडाण्याला गेले, एकेका घरी. निवडलेल्या मुलींच्या बापांना विनवायला, आणि न निवडलेल्यांना तोंडावर सांगायला. निदान एवढं तरी तुझ्यासारखं करायचं ठरवलं होतं.

मनीषाचं घर शेवटी ठेवलं होतं. शिवारात एका कडेला, पत्र्याचं. तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, बाजेवर बसले होते. मनीषा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मी तिला न्यायलाच आले आहे. नवीन कापडाच्या पिशवीत तिने तिचे बूट भरून ठेवलेले मला दारातून दिसले.  वाक्य तयार होतं. मनीषा छान मेहनत करते, पण या वेळी…

आबांनी मला बोलूच दिलं नाही.

"मास्तरीन बाई, तुम्हीन उनात, चांगलं व्हयनं. पन मी पोरले धाडाव नही. अक्का व्हती तोवर ठीक व्हतं. आते आंडेरले कोना भरोसावर धाडू, तुम्हीनच सांगा."

बघ ना, केवढी सोय झाली. मला काही बोलायचीच गरज उरली नाही. बाप नाही म्हणतो आहे, मी मान हलवायची, चहा प्यायचा, बसस्टँडला यायचं. मनीषाला कधी कळलंही नसतं की मी काय सांगायला आले होते. ती तिथेच, तांब्या हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.  मी पुढे काय बोलते एवढंच ती बघत होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम आलं की मी इथून उठले की पुढच्या महिन्यात हे घर मांडव घालेल आणि पिशवीतले बूट धाकट्या भावाला जातील. हे तू फलाटावर मला सांगत होतीस का? की तू नुसती हट्टी होतीस? मला अजूनही सांगता येत नाही. तू कधी नीट समजावून सांगितलंच नाहीस. तू फक्त अडून बसायचीस.

मी आबांशी नेहमी शहरातल्या मराठीत बोलते. शाळेत बोलते तशी. त्या दिवशी तोंडातून निघालं ते असं:

"मन्हा भरोसावर धाडा, आबा."

त्यांनी मला नीट बघून घेतलं. माझं वय त्यांच्या थोरल्या मुलीएवढं. लग्न नाही, घरदार नाही, जळगावला भाड्याची खोली. त्यांना माझ्यात काय दिसलं माहीत नाही, की काहीच दिसलं नाही आणि त्यांनाही मुलीला नाही म्हणायचं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हीन सोता जाशात ना? सोता परत लयशात?" मी हो म्हटलं. मग ते मनीषाकडे न बघताच म्हणाले, "जाय मंग. मायले सांग, भाकरी बांधी दे."

परत येताना एकच विचार डोक्यात. एकीच्या दारात शब्द दिला म्हणजे दुसरीच्या दारात कसा नाकारू? ज्यांना त्या दुपारी सांगून आले की तुम्ही नाही, त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दोन घरी शिव्या खाल्ल्या, एका घरी चहा मिळाला, आणि सगळ्या येत आहेत. पंधरा होतो त्या तुझ्याविना चौदा. नावं बारांचीच लागतील, उरलेल्या दोघींत मी माझं नाव घातलं आहे, मला शिट्टी वाजवायची आहे, खेळायचं नाही. जागृती उजव्या कडेला पळेल, आणि तिला चेंडू द्यायला मी कोणाकोणाला उभं करायचं ते मीच ठरवणार, त्यात तू पडायचं नाहीस.

फक्त एक, अक्का. नऊ जणींच्या पैशात चौदा जणी पुण्याला कशा न्यायच्या, ते तू कसं जमवणार होतीस, हे मी तुला कधी विचारलंच नाही. भांडायच्या नादात राहून गेलं. परवा नरडाण्याच्या फलाटावर तिकडच्या सगळ्या माझ्यासमोर पिशव्या घेऊन उभ्या राहतील, बाप सोडायला आलेले असतील, आणि मला काय करायचं ते माहीत असल्यासारखा चेहरा करावा लागेल. तूही तेच करत होतीस ना?